क्रीमचं पुढं काही होत नाही

महादेवी अक्कांनी माझ्या घरात पाऊल टाकलं आणि पाचव्या मिनिटाला माझा अपमान केला. माझ्या मुलीचा चौथा वाढदिवस होता. भवानी पेठेतल्या त्या बोळात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, म्हणून ओळख व्हावी या हेतूने मी शेजारच्या बायकांना बोलावलं होतं. मोबाइलवर बघून बघून मी आयुष्यातला दुसरा केक केला होता. त्यावर गुलाबी क्रीमची फुलं काढली होती. ती जराशी कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसत होती, पण माझ्या लेखी फुलंच होती. सगळ्या जणी "छान छान" म्हणाल्या. मागच्या गल्लीतून आलेल्या, उंच, काटकुळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या एका बाईंनी मात्र प्लेट हातात घेतली, नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि दोनदा सावकाश श्वास घेतला.

"क्रीम परवाचं हाय," त्या म्हणाल्या. "आन् फ्रीजमधी शेपूच्या जुडीशेजारी ठिवलं हुतंस."

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या, त्यामुळे मला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "नको असेल तर नका खाऊ."

"मी न्हायच खानार की. पर लेकरास्नी बी दिऊ नगंस. कडंला आंबाय लागलंय." एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. सुरी उचलली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या केकवरचं क्रीम, फुलांसकट, खरवडून एका ताटलीत काढलं. उघडा पडलेला केक कापून पोरांना वाटला. एक तुकडा स्वतः खाल्ला. "स्पंज मातर झकास झालाय," असं प्रशस्तिपत्रक दिलं आणि जाताना दारात म्हणाल्या, "उद्या घरी ये. शिकीवते."

मी स्वयंपाकघरात जाऊन रागाने रडले. या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं नवऱ्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी होते. माझा राग असाच आहे, फेसासारखा येतो आणि बसतो. शिवाय त्या ताटलीतल्या फुलांना मी नंतर एकटीने हुंगून पाहिलं होतं, आणि बाई खरं बोलली होती.

अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या एका खेड्यात. घरात म्हशी, लोणी, तूप, खवा. वडील गावातलं दूध गोळा करून शहरात पाठवायचे. कुणाचं दूध उतरलंय हे ही पोर वासावरून ओळखते असं कळल्यावर ते तिला रोज सकाळी घागरींच्या रांगेपुढे उभं करायचे. "सात वर्साची हुते मी," अक्का सांगायच्या. "मी 'बेडा' म्हनले की आप्पा घागर परत. मग ती पाटलाची असू दे न्हाय तर मामाची." 'बेडा' म्हणजे कानडीत 'नको'. हा शब्द त्या पुढेही जन्मभर वापरत राहिल्या, आणि तो निघाला की अपील नसायचं.

लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या. नवरा चादरीच्या कारखान्यात होता. अक्का अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना तो गेला आणि मुलगा बसवराज तेव्हा शिकत होता. अक्कांनी काही वर्षं कडक भाकऱ्या करून विकल्या. मग महिला मंडळात आठ दिवसांचा केकचा वर्ग निघाला तेव्हा तिथे जाऊन बसल्या. वर्गातल्या मुली निम्म्या वयाच्या. "शिकिवनारी पोरगी म्हनली, आज्जी, तुमी नातीला घिऊन आलाय का? मी म्हनले, न्हाय बाई, नात व्हायची हाय अजून, तंवर मी शिकून घेते." घरात अंडं कधी आलं नव्हतं, त्यामुळे केकही बिनअंड्याचे. पेठेतल्या लिंगायत, जैन, मारवाडी घरांतून डोळे झाकून ऑर्डर यायच्या.

त्यांच्या घरी दोन फ्रीज होते. स्वयंपाकघरातला चारचौघांसारखा, त्यात भाजी, दही, कालची आमटी, सगळं. दुसरा आतल्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून. तो जुना, निळा, दार जरा उचलून लावावं लागणारा. त्यात फक्त क्रीम. अक्का रोज अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या आणि तिथून उठल्या की आधी निळा फ्रीज उघडायच्या. प्रत्येक डबा काढायचा, झाकण उघडायचं, हुंगायचं, परत ठेवायचं. त्याआधी चहा नाही, फोडणी नाही, कुणाशी बोलणं नाही. "नाक कोरं असतंय तवा," त्या म्हणायच्या. मला पहिले काही दिवस हा पूजेचाच भाग वाटला होता.

शिकवायला बसल्या की त्यांच्या बोलण्यात माप असायचं, गोडवा नसायचा. "पाकीट बर्फातनं काडलं की रातभर खालच्या कप्प्यात. वट्यावर न्हाय. हे सोलापूर हाय." "एकडाव इतळलेलं परत बर्फात घालायचं न्हाय. त्ये परत पयलं होत न्हाय." "फेटलेलं तीन दिस. लोन्यासाखरेचं आठ दिस. भाईर अर्धा तास, त्ये बी चैत्रापतोर." डबा काठोकाठ भरायचा, वर पातळ प्लास्टिक थेट क्रीमच्या अंगाला लावायचं आणि मगच झाकण. शेवटी उलथन्याने वरून तीन फटकारे मारून क्रीम सारखं करायचं, ही त्यांची खूण. कुणाही दुसऱ्याने भरलेला डबा त्या वरूनच ओळखायच्या.

मला सगळ्यात जास्त बोलणी बसली ती टाकण्यावरून. मी टेंभुर्णीची. आमच्या आईच्या घरात अन्न टाकणं ही कल्पनाच नव्हती. दूध नासलं की कलाकंद, ताक आंबलं की कढी, भाकरी शिळी झाली की कुस्करा. या शिकवणीचा मला अभिमान होता. एकदा चार दिवसांचं क्रीम जरा पिवळट दिसलं, तेव्हा मी त्यात दोन चमचे साखर आणि व्हॅनिलाचे चार थेंब घालून ते पुन्हा फेटलं आणि गुपचूप डब्यात भरलं. अक्का पूजेवरून उठल्या, डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्याला अत्तर कुनी लावलं?"

मी आईचं कलाकंदाचं तत्त्वज्ञान सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग डबा मोरीत उपडा करता करता म्हणाल्या, "तुजी आई शानी हाय. दुधाचं पुढं कायतर होतंय. ताकाचं होतंय. क्रीमचं पुढं काय होत न्हाय, वैशू. त्ये गेलं की गेलं."

पण त्या उधळ्या नव्हत्या. उलट एखाद्या डब्यात खाली पाणी सुटलेलं बघून मी तो टाकायला निघाले तर हात धरायच्या. "नोड, नोड," म्हणजे बघ, बघ. "वास बरा हाय, रंग बरा हाय, नुसतं पानी सुटलंय. ह्ये थकलंय. गार करून फेट, उटंल." आणि ते खरंच उठायचं, शिखरासारखं टोक धरायचं. कडेला पिवळी रेघ, बारीक बुडबुडे, बोटाला तार, आंबूस वास, यातलं काही दिसलं तर मात्र 'बेडा'. थकलेलं आणि गेलेलं यांतला फरक ओळखणं हीच विद्या, असं त्यांचं म्हणणं. बाकी फुलं कोण पण काढतं.

मग ती तापाची साथ आली. पेठेत घराघरात माणसं आडवी झाली. अक्काही पंधरा दिवस अंथरुणावर होत्या, उठल्या, आणि पुन्हा केक सुरू झाले. मला काही वेगळं जाणवलं नाही. पूजा, निळा फ्रीज, डबे हुंगणं, सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं.

दोन महिन्यांनी त्यांची नणंद माहेरपणाला आली. येताना शेंगाचटणीचा मोठा डबा घेऊन आली. लसूण सढळ हाताने घातलेली, घरी कुटलेली चटणी. मोठा फ्रीज भरलेला दिसला म्हणून तिने तो डबा बिनधास्त निळ्या फ्रीजमध्ये सारला. मी सकाळी दहाला गेले तर अक्का ओट्यापाशी केकवर क्रीमचा पहिला थर देत होत्या. दारातच माझ्या नाकात लसूण शिरला. मला वाटलं फोडणी चाललीय. केकपाशी गेले तर वास केकमधून येत होता.

"अक्का, हे काय? क्रीमला लसणाचा वास मारतोय."

त्यांचा हात थांबला. त्यांनी केकवर वाकून श्वास घेतला. पुन्हा घेतला. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही, आणि तेव्हा मला कळलं. मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"ताप उतरल्यापासनं." त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "उदबत्ती बी न्हाय, कापूर बी न्हाय. काईच न्हाय."

"आणि रोज सकाळी डबे हुंगत होता ते?"

"सवय हाय गं," त्या म्हणाल्या. "आन् वाटायचं, आज येईल."

मला एकदम भडभडून आलं. रोज सकाळी त्या न येणाऱ्या वासाची वाट बघत झाकणं उघडत होत्या आणि मी शेजारी उभी राहून मैदा चाळत होते.

त्यांचं जे होतं ते सगळं या नाकावर होतं. आजवर त्यांच्या हातून एकही बिघडलेला केक गेला नव्हता, आणि पेठ त्यांच्याकडे यायची ती त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. बसवराज पुण्याहून आला आणि आईला समजवायला लागला. आता बंद कर, वय झालं, माझ्याकडे चल, कुणाला काही बाधलं तर नाव जाईल. त्याचं चुकत नव्हतं. अक्का भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "बसू, नाक गेलंय. मी न्हाय गेले. मी थकले हाय नुसती." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "हिचं नाक हाय की."

अशी मी त्यांचं नाक झाले. रोज सकाळी बिनचहाची जायचे, त्या पूजेवरून उठायच्या, निळा फ्रीज उघडायच्या, मी हुंगायचे आणि सांगायचे. त्या माझ्या तोंडाकडे बघत असायच्या. मला या मानाची फार ऐट वाटायची, हे कबूल केलं पाहिजे. फ्रीजला कुलूप आलं आणि त्याची एक किल्ली माझ्याकडे आली. त्याचबरोबर त्यांनी चार बाटल्या भरल्या. कॉफी, हिंग, लिंबाची साल, कापूर. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरून डोळे मिटून बसायच्या. "म्हशीला बी रोज एकाच वाटेनं नेलं की गोठा सापडतो," म्हणायच्या. महिने गेले. गोठा सापडत नव्हता. त्यांनी बाटल्या सोडल्या नाहीत.

आता त्या मे महिन्यातल्या दिवसाचं सांगायलाच हवं. अक्कांच्या समोर राहणाऱ्या पद्मावहिनींच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. पद्मावहिनींचं घर मागावर टॉवेल विणणारं, मोठा गोतावळा, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. चाळीसेक लेकरं येणार होती. दोन मजली चॉकलेटचा केक, वर पांढरं क्रीम. अक्का म्हणाल्या, हा पूर्ण तू कर. माझा पहिला संपूर्ण केक. मी आठवडाभर कागदावर फुलं काढत होते. आदल्या दिवशी संध्याकाळी क्रीम फेटून निळ्या फ्रीजमध्ये ठेवलं.

त्या दिवशी सकाळी अक्का भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेल्या. अकराला लाईट गेली. मी फ्रीज बंद ठेवला असता तर क्रीम टिकलं असतं. पण मला धीर नव्हता. फुलांचा सराव करावा म्हणून मी पातेलं बाहेर काढलं, अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास गेला, परत ठेवलं, पुन्हा काढलं. ओट्यावर हात ठेवला तर चटका बसत होता. चारला लाईट आली. साडेचारला अक्का एसटीने परतल्या, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाल्या, "वास बघ."

मी पातेलं नाकाशी धरलं. मधोमध काही नव्हतं. कडेला मात्र होतं. विरजण लावून तासभर झाल्यावर दुधाला येतो तसा, अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला आला नसता. मला आला. साडेसहाला केक द्यायचा होता. नवं पाकीट आणलं तरी वितळायला रात्र लागते. आणि हा माझा केक होता.

"चांगलं आहे, अक्का," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चमचाभर क्रीम उचलून मनगटाच्या मागच्या बाजूला ठेवलं आणि खिडकीच्या उजेडात हात धरला. पातेलं तिरकं करून कड बघितली. अंगठा आणि तर्जनीमध्ये थोडं चोळून बोटं हळूच फाकवली. शेवटी जिभेच्या टोकाला लावलं. "परत बघ," म्हणाल्या.

मी परत हुंगलं. या वेळी वास नक्की होता. "चांगलं आहे," मी म्हटलं.

"तिसऱ्यांदा इचारनार न्हाय." त्यांनी पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. सगळं. वरून गरम पाणी. मी ओरडले, "अक्का, दोन तास राहिलेत! आता काय द्यायचं?"

"केक द्यायचा," त्या म्हणाल्या, आणि पायांत चपला घालून समोरच्या घरी गेल्या. मी दारातून ऐकत होते. तिथे मांडव घालून झाला होता, फुगे लागले होते. अक्का मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "पद्मा, क्रीम आमच्या हातनं बिघडलं. बिघडलेलं लेकरास्नी देनार न्हाय. केक येळेवर येतोय, क्रीमबिगर. नगं असंल तर आत्ता सांग, दुसरीकडनं आन, मी वाईट मानत न्हाय." त्यांनी 'आमच्या' म्हटलं. 'वैशूच्या' म्हटलं नाही. लाईटचं नावसुद्धा घेतलं नाही.

पद्मावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला वाढदिवस, फोटोवाला ठरवलेला. त्यांच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुमी दिलं, तर मातीचं बी खातो आमी. आना."

परत येऊन अक्कांनी पिठीसाखर वस्त्रगाळ केली. पदर खोचला, केक पाटावर ठेवला आणि पुढे मांडी घालून बसल्या. रोज पहाटे दारात रांगोळी काढणारा तो हात. चिमटीतून साखर सुटू लागली. काळ्या केकवर ठिपके पडले, ठिपके जोडले गेले, वेल आली, कमळ आलं, वरच्या मजल्यावर एक पाळणा आला. मी शेजारी बसून साखर चाळत होते आणि रडत होते. एकदाच अक्का म्हणाल्या, "डोळ्याचं पानी चाळनीत पाडू नगंस. गुठळ्या हुतात."

सव्वासहाला केक समोरच्या घरी पोचला. सासूबाईंनी त्याला हात जोडले. मुलीचा मामा "कार्टून कुठंय यावर?" म्हणून कुरकुरला. पद्मावहिनी फोटोत हसल्या, पण ते हसू ओढून आणलेलं होतं. दुसऱ्या वाढदिवसाला त्यांनी मोठ्या दुकानातून केक आणला. तिसऱ्याला पुन्हा आमच्याकडे आल्या. या गोष्टी सरळ रेषेत होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली परत द्यायला गेले. अक्कांनी ती घेतली नाही.

"तुला वास आला हुता न्हवं?"

"आला होता."

"मला कळलं. तुजं नाक खोटं न्हाय बोललं, वैशू. तू बोललीस." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते माझ्या आतपर्यंत गेलं. "मी बी बोलले असते कदी. मानूस हाय. आपला केक असला, येळ कमी असला, की नाकाला गप बस म्हनावं वाटतंच. म्हनून आता नाक नगं. ज्येला लोभ सुटत न्हाय असं कायतर पायजे."

त्यांनी ड्रॉवरमधून पांढऱ्या चिकटपट्टीचं बंडल काढलं. त्या दिवसापासून निळ्या फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर पट्टी लागली. वर फेटल्याचा वार आणि वेळ, खाली टाकायचा वार आणि वेळ. त्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या. अक्षर मोठं, काना ताठ. वेळ यायच्या आत बिघडलं तर टाकायचंच, पण वेळ आली की बिघडलं नसलं तरी टाकायचं. त्या वेळी हुंगायचं नाही, चाखायचं नाही, चर्चा करायची नाही. लाईट दोन तासांच्या वर गेली की वेळ खोडून टाकायची आणि डबा मोरीत. मी एकदा वाद घातला होता. डबा अगदी ताजा होता, घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. "पाच मिन्टांनी काय होतंय?" मी म्हटलं. "पाच मिन्टांनी काय होत न्हाय," अक्का म्हणाल्या. "पर उद्या तू धा म्हनशील."

बाटल्या चालूच होत्या. दीड वर्षाने कापूर आला. नंतर हिंग. कॉफी कधीच आली नाही, लिंबू अर्धवट आलं. एका सकाळी मी नेहमीसारखी गेले तर त्या दारात रांगोळी काढत होत्या. मी ओलांडून आत जाताना त्यांनी मान वर केली. भुवया जवळ आल्या. "वैशू," त्या हळूच म्हणाल्या, "शेपू केलीस काय गं आज?"

केली होती. घाईत पदराला हात पुसले होते. आम्ही दोघी रांगोळीच्या बाजूला पायरीवर बसलो आणि इतक्या हसलो की समोरून पद्मावहिनी बघायला बाहेर आल्या. हसता हसता मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझा पदर ओढून पुन्हा हुंगला. "वाईट भाजी," म्हणाल्या. "पर काय झकास वास हाय."

मी म्हटलं, आता पट्ट्या बंद करूया का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

अक्का गेल्या फाल्गुनात गेल्या. सोमवारी त्यांच्या छातीत दुखत होतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी चार वाजता त्यांनी क्रीम फेटलं, शुक्रवारच्या एका साखरपुड्याच्या केकवरच्या फुलांचा सराव करायला मला द्यायचं म्हणून. मंगळवारी दुपारी पूजेच्या खोलीतच भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच राहिल्या. बसवराज संध्याकाळपर्यंत आला. बुधवारी त्यांना माती दिली. एवढी माणसं आली होती की बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांतली निम्मी त्यांचा केक कापून मोठी झालेली होती.

गुरुवारी दुपारी मी किल्ली घेऊन गेले. निळा फ्रीज उघडला. एकच डबा होता. पट्टीवर त्यांच्या ताठ अक्षरात लिहिलेलं. सोमवार, चार. खाली, गुरुवार, चार. मी झाकण काढलं, प्लास्टिक सोडवलं. वर उलथन्याचे तीन फटकारे, जसेच्या तसे. अजून त्यांचा हात तिथून निघाला नव्हता. मी हुंगलं. जिभेला लावलं. पांढरंशुभ्र, गोड, टोक धरणारं. मी आयुष्यात इतकं चांगलं क्रीम बघितलं नव्हतं.

बसवराज मागे येऊन उभा होता. त्याचे डोळे सुजले होते. "वैशालीताई, राहू द्या ना ते," तो म्हणाला. "फ्रीझरमध्ये ठेवू. आईच्या हातचं शेवटचं आहे. चांगलं आहे ना अजून?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. मी डबा मांडीवर घेऊन देवघराला टेकून बसले, त्या टेकल्या होत्या तिथेच. मनात आई बोलत होती, टेंभुर्णी बोलत होती. इतकं चांगलं अन्न, आणि तेही त्यांच्या हातचं. फ्रीझरमध्ये काय बिघडणार होतं? कुणाला खायला थोडंच द्यायचं होतं? ते नुसतं राहिलं असतं. बसवराज खाली बसला आणि आम्ही दोघं त्या तीन रेघांकडे बघत राहिलो.

चार वाजले. मी उठले. मोरीत डबा उपडा केला. क्रीम लगेच पडेना, इतकं ते घट्ट होतं. मग उलथन्याने सोडवलं. बसवराजने चुलीवरचं गरम पाणी आणून ओतलं.

डबा घासला, पुसला, उन्हात ठेवला. साखरपुड्याचा केक शुक्रवारी द्यायचाच होता. बुधवारी रात्री माझ्या फ्रीजमध्ये वितळायला ठेवलेलं नवं पाकीट संध्याकाळी उघडलं, क्रीम फेटलं, डबा काठोकाठ भरला. वरून तीन फटकारे मारायला हात आपोआप उचलला गेला. मी तो थांबवला, आणि दोनच मारले. मग पट्टी फाडली आणि तिच्यावर माझ्या अक्षरात वार आणि वेळ लिहिली.